किरकोळ

एक तारखेला, जेवणं आटोपल्यावर,
धैर्यशीलनं वही काढली.
उद्यमनगरच्या कारखान्यानं दिवाळीला दिलेली,
वर लेथ मशीनचा फोटो.
पहिल्या पानावर मी श्री काढला,
खाली त्याचा पगार, त्याखाली माझा,
बेरजेखाली दोन रेघा.
इथवर सगळं सोपं होतं.

मग भाडं, गॅस, वीज,
गाडीचा हप्ता, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या,
भिशीचे दोन हजार.
तो सांगत होता, मी लिहीत होते,
आणि जिथं दोघांनाही काही आठवेना
तिथं तो म्हणाला, ‘लिही, किरकोळ.’

किरकोळ: सहा हजार चारशे.

भाड्यापेक्षा जास्त निघालं.
पंखा फिरत होता.
चार वर्षं झाली लग्नाला,
एकमेकांच्या पाठीवरचे तीळ माहीत होते,
खिशातलं नव्हतं माहीत.

दुसऱ्या दिवसापासून जे जाईल ते लिहायचं ठरलं.
खोटं लिहायचं नाही, हेही ठरलं,
म्हणजे आजवर थोडं चालायचं
हेही दोघांनी न बोलता कबूल केलं.

माझ्या अक्षरात: पार्लर, तीनशे.
माझ्या अक्षरात: कुर्ता, ज्याचं लेबल अजून गळ्याशी लोंबतंय.
त्याच्या अक्षरात: चहा, चहा, कटवडा, चहा,
‘अभिच्या पोराचा वाढदिवस, द्यावे लागले.’
राजारामपुरीतून मंडईला
मी रिक्षानं गेले होते त्या दिवशी
अर्ध्या रुपयाची कोथिंबीर घासाघीस करून आणायला.
ते लिहिताना पेन थोडं अडलं.

मटणावर मात्र भांडण झालं, रीतसर.
‘कापायचं ते काप, रविवारला हात लावू नको.’
मी म्हटलं, अर्धा किलो आणू.
तो म्हणाला, अर्धा किलो म्हणजे वास घ्यायचा काय?
शेवटी पाऊण किलोवर तह झाला,
रस्सा पहिल्याएवढाच,
फक्त पातेल्यात पळी आता
जरा जास्त वेळ फिरते.

आणि रोज, सेकंड शिफ्टच्या दिवशी,
एकच ओळ पुन्हा पुन्हा:
गंगावेस, दूध, चाळीस.

‘रोज?’
‘रोज.’
‘घरात दूध असताना?’

तो बराच वेळ टोपणाशी खेळत बसला.
मग म्हणाला, मशीन बंद झालं तरी
कानात चालूच राहतं गं.
कट्ट्यावर म्हशीची धार वाजते भांड्यात,
ती ऐकत उभा राहतो दहा मिनिटं.
मग थांबतं.
मग घरी येतो.

मी चाळीस गुणिले सव्वीस केलं होतं समासात.
ते खोडरबरानं पुसलं.
पेन होतं, पुसलं गेलं नाही,
कागद तेवढा खरबरीत झाला.

शनिवारी मी म्हटलं, मलाही ने.
रात्री साडेदहा, कट्ट्यावर गर्दी,
पैलवानांच्या मध्ये मी एकटीच बाई.
माझ्या ओठावर फेस आला,
त्यानं बोटानं पुसला, इकडंतिकडं बघून.
ऐंशी रुपये.
घरी येऊन मी ते लिहिले
आणि पुढं काही लिहिलं नाही,
ना गरज, ना चैन.

महिना संपला.
रिक्षा बंद, चालत जाते, टाचा दुखतात.
चहा दोनवर आला, तो म्हणतो दोनवर, मी मानते.
चोवीसशे वाचले. डब्यात ठेवले, डाळीच्या मागं.
कुर्ता मात्र तसाच, परतीची मुदत गेली.

आणि हिशेबात सतरा रुपये लागेनात.

‘टाक की किरकोळात,’ तो जांभई देत म्हणाला.
मी म्हटलं, तो रकाना बंद केलाय आपण.
मग पँटचे खिसे उलटे केले,
पर्स पलंगावर ओतली,
दोन बसतिकिटं, एक बटण, बडीशेपेचं पाकीट.
साडेबारा वाजले. शेजारच्यांचा दिवा गेला.
तो उकिडवा बसून पलंगाखाली
मोबाईलचा उजेड फिरवत होता,
आणि मी वरून विचारत होते,
‘बारा तारखेला लिंबं कुणी आणली?’

‘तूच.’
‘मी नाही.’
‘मग खाल्ली कुणी?’